धातूवरचे कोरीवकाम : एका शिकाऊचे टिपण

आपल्या बहुतेकांच्या घरी कोरीवकामाचे दहा-वीस नमुने तरी असतातच. आपण ते रोज घासतो, पुसतो आणि मांडणीवर पालथे घालतो. पण त्यांना कोणी कोरीवकाम म्हणत नाही. लग्नात आलेला हंडा, बारशाची वाटी, मामाकडचे ताट, गंधमुक्तीला वाटलेले पेले यांच्या काठाशी ‘सप्रेम भेट’, ‘यांजकडून’, ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे असतात. ती कोणीतरी, कोठेतरी बसून, हाताने घातलेली असतात. हल्ली ती यंत्राने घातली जातात हे खरे; तथापि आपल्या आजीच्या पिढीची भांडी काढून पाहिली तर अक्षराअक्षरात माणसाचा हात दिसतो.

मी या विद्येकडे वळले ती अशीच एका घागरीमुळे. आजीच्या लग्नातील तांब्याच्या घागरीवरचे नाव चिंच आणि राख लावून घासता घासता अर्धे पुसले गेले होते. ते पुन्हा घालून आणावे म्हणून मी नंदुरबारच्या बाजारातील एका जुन्या दुकानात गेले. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “मशीनने दोन मिनिटांत करून देतो.” मागे गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या सोनारअण्णांनी मात्र घागर मागून घेतली, उजेडाकडे फिरवली, नावातल्या ‘ळ’वर बोट ठेवले आणि सांगितले की, हे अक्षर आपल्या वडिलांच्या हातचे आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. शिलालेखाचा काळ अक्षराच्या वळणावरून ठरवितात हे वर्गात ऐकले होते. परंतु एका अक्षरावरून माणूस ओळखला गेलेला मी प्रथमच पाहिला. त्यानंतर अडीच वर्षे, कॉलेज सुटल्यावर, आठवड्यातून तीन दिवस मी त्या गादीच्या कडेला बसत आले आहे. या लेखात त्या शिक्षणाची हकीकत आणि थोडी शास्त्रीय माहिती द्यावयाचा विचार आहे.

प्रारंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. धातूवर नक्षी उमटविण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती आहेत व आपण तिन्हींना सरसकट ‘कोरणे’ म्हणतो. पहिली रीत भांड्यांवरच्या नावांची. यात बारीक छन्नी आणि लहान हातोडी असते. छन्नी टिकटिक करीत पुढे सरकते आणि तिच्या प्रत्येक टोल्याने धातू दबतो. धातू कमी होत नाही, नुसता बाजूला सरतो. दुसरी रीत उठावाची. पत्रा राळेवर बसवून मागून-पुढून ठोकतात व आकृती वर आणतात. हे काम मोठे सुंदर असते, पण ते या लेखाचा विषय नाही. तिसरी रीत कलमाची. सोनार ज्याला कलम म्हणतात ते पोलादाचे चार-साडेचार इंचांचे टोकदार हत्यार तळहाताने पुढे रेटले की त्याच्या टोकापुढे धातूची बारीकशी कुरळी कातळी निघते. येथे धातू खरोखर कमी होतो. खरे खोदकाम ते हेच, आणि ते तिन्हींत शिकायला अवघड आहे. अण्णा म्हणतात, “गयेल धातू परत येस नही.” हे वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकले व सोडून दिले, त्याचा अर्थ मला पुढे एका प्रसंगाने कळला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही विद्या परकी नाही. राजांनी दिलेली दानपत्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून देण्याची चाल आपल्याकडे शतकानुशतके होती. मजकूर आधी लेखक शाईने पत्र्यावर लिहून देई आणि मग कारागीर त्या अक्षरांवरून कोरीत जाई. कित्येक ताम्रपटांच्या शेवटी राजाचे, लेखकाचे आणि त्याबरोबर कोरणाराचेही नाव येते. वर्गात आपण ते शेवटचे नाव बहुधा वाचीत नाही. ताम्रपटांच्या कडा किंचित उचललेल्या असतात. पत्र्यावर पत्रा ठेवला तरी अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून ही योजना. ही गोष्ट पुस्तकात वाचून मी विसरले होते. सरावाचे पत्रे एकावर एक ठेवून त्यांवरच्या माझ्या बारीक रेघा आठ दिवसांत अंधूक झाल्या, तेव्हा ती आठवली.

युरोपातही ही कला सोनारांच्याच ओट्यावर वाढली. कोरलेल्या रेघांत शाई भरून ती कागदावर दाबून घ्यावयाची, ही छपाईची कल्पना पंधराव्या शतकात पुढे आली. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (जन्म १४७१) हा सोनाराचा मुलगा. त्याचे पहिले शिक्षण बापाच्याच दुकानात झाले. त्याचे ‘मेलेंकोलिया’ हे १५१४ सालचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कलमानेच कोरलेले आहे.

मला अधिक जवळचे वाटते ते मात्र मिरजेचे उदाहरण. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ सालच्या ग्रंथात ते दिले आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्या आश्रयाने एका तांबटाला छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे कोरण्याची विद्या मिळाली. नाना फडणविसांनी भगवद्गीता अशा रीतीने छापवून घेण्याचे मनावर घेतले. पण १८०० साली नाना वारले आणि ते काम मागे पडले. पुढे तो तांबट मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला व १८०५ मध्ये तेथे गीता छापून झाली. त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले. खिळ्यांची रीत पुढे सर्वत्र गेली आणि मिरजेचा प्रयोग तेथेच थांबला.

या तांबटाला नवे असे काय शिकावे लागले असेल? पत्रा, पोलाद, हातोडी ही तर त्याच्या घरचीच. नवी गोष्ट एकच: छपाईसाठी अक्षर उलटे कोरावे लागते. हे किती कठीण आहे ते पाहावे म्हणून मी एका तुकड्यावर ‘गीता’ हे दोनच अक्षरांचे नाव उलटे कोरले, शाई भरून कागदावर दाबले, आणि कागदावर उमटले ‘गिता’. ‘ग’ मी नीट उलटा केला होता, पण दीर्घ वेलांटीचा दंड सवयीने उजवीकडेच पडला होता. त्या तांबटाने अठरा अध्याय उलटे कोरले. मी दोन अक्षरांत ऱ्हस्वदीर्घाची चूक केली. एरवी व्याकरणात माझे गुण बरे असतात!

आता शिक्षणाकडे वळू. पहिले पाच आठवडे अण्णांनी मला धातूला हात लावू दिला नाही. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने रेघा: आधी उभ्या, मग आडव्या, मग अर्धवर्तुळे, मग ‘ठ’, ‘ळ’, ‘क्ष’. मला कंटाळा आला व मी तसे बोलूनही दाखविले. वस्तुतः हाताला आकृती पाठ नसेल तर कलम चालवताना मन दोन ठिकाणी जाते, रेघ कोठे न्यावयाची इकडे आणि किती खोल न्यावयाची इकडे. त्यात एक तरी चुकतेच. पहिले काम कागदावर उरकून ठेवले म्हणजे धातूवर दुसऱ्याकडेच लक्ष देता येते.

त्यानंतर धार. माझ्या मते या विद्येचा निम्मा भाग धारेतच आहे. नव्या कलमाला टोक नसते. ते आपणच निसण्यावर घासून करावयाचे असते. टोकाचा चेहरा साधारण ४५ अंशांवर घासतात. पितळेपेक्षा कठीण धातूंना, विशेषतः पोलादाला, हा कोन वाढवून ५५ पर्यंत न्यावा लागतो, नाही तर टोक तुटते. एवढ्यावर भागत नाही. टोकाच्या खालच्या अंगाला पंधरा-वीस अंशांची एक अगदी बारीक टाच काढावी लागते. ही टाच नसेल तर कलमाचा दांडा पत्र्याला चिकटून चालतो, टोक खोल खोल रुतत जाते आणि वर येत नाही. टाच मोठी झाली तर वळणावर तीच रेघेची कड दाबून खराब करते. धार लागली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे: टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावे, घसरले तर धार नाही, जागीच अडकले तर आहे.

मग पत्रा. एक मिलिमीटर जाडीचा तांब्याचा तुकडा, तळहाताएवढा. तांबे मऊ म्हणून नवशिक्याला सोपे, असे मला वाटले होते, तसे नाही. तापवून मऊ केलेले तांबे चिकट असते, कातळी सुटत नाही, रेघेची कड फाटते. न तापवलेला, ठोकून कठीण झालेला पत्रा पुष्कळ बरा. पितळेवर कातळी स्वच्छ तुटते. चांदी सगळ्यांत समजूतदार. पण तिचा भाव पाहता सरावाला ती कोण देणार?

कलम धरण्याची पद्धत लेखणीसारखी नाही. त्याची मूठ तळहाताच्या खोलगट भागात बसते, दांड्यावर बोटे येतात आणि अंगठा पत्र्यावर टेकून राहतो. हा अंगठा म्हणजे ब्रेक. हात घसरला तर कलम डाव्या हाताच्या बोटात जाऊ नये याची सारी भिस्त त्याच्यावर. (माझ्या डाव्या तर्जनीवर दोन व्रण आहेत. दोन्ही पहिल्या महिन्यातले, दोन्ही बोथट कलमाचे. धारदार कलमाला जोर कमी लागतो म्हणून ते कमी घसरते.) कलम अंगठ्यापुढे फार तर दोन सेंटिमीटर निघावे; अधिक निघाले तर कापून आखूड करतात, म्हणजे ज्याच्या त्याच्या तळहाताला ते मापात बसते. वळण घेताना मनगट वळवावयाचे नाही. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवलेला असतो. डाव्या हाताने तो पत्राच फिरवावयाचा आणि उजवा हात जागच्या जागी पुढे रेटावयाचा. मी सुरुवातीला सारे अंग वाकवीत असे. अण्णा तेवढेच म्हणत, “दाबू नको पोरी, चालू दे तिले.”

रेघेची रुंदी आणि खोली यांचे गणितही येथे सांगून टाकते. चौरस कलमाचे टोक ९० अंशांचे असते, त्यामुळे रेघ जितकी खोल त्याच्या दुप्पट रुंद होते. पाव मिलिमीटर खोल गेलात की अर्धा मिलिमीटर रुंद. टोक १२० अंशांचे केले तर तेवढ्याच खोलीला जवळजवळ साडेतीनपट रुंदी येते. ती रेघ उथळ, पसरट आणि चकाकणारी. दुकानात दिव्याखाली जी नक्षी डोळे दिपवते ती बहुधा अशी असते.

येथे आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजाराचे दिवस आले की सातपुड्यातून, धडगाव-मोलगीकडून, भिल्ल आणि पावरा कुटुंबे चांदी घेण्या-मोडण्यासाठी खाली उतरतात. दुकानात नवी चकाकणारी कडी मांडलेली असतात. बरोबरची वयस्क बाई ती पाहत नाही. ती कडे हातात घेऊन आधी वजन जोखते, मग नक्षीवरून अंगठा फिरवते. अंगठ्याला रेघ लागली नाही तर कडे परत गादीवर. कारण उघड आहे. ते कडे शेतात, नदीवर, लाकडे फोडताना हातात राहणार. उथळ नक्षी दोन पावसाळ्यांत जाईल. त्यांची चांदी म्हणजे अंगावरची शिल्लक असते, अडीअडचणीला ती मोडावी लागते, तेव्हा नक्षीची मजुरी परत मिळत नाही हेही तिला ठाऊक असते. तरीही ती खोल रेघेचेच कडे मागते आणि मजुरी देते. आमच्या वर्गात सौंदर्यशास्त्रावर एक तास झाला होता. त्या वेळी मला या अंगठ्याची आठवण झाली, पण विचारण्याचे धैर्य झाले नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत मी नाशिकला पंधरा दिवसांचा एक प्रशिक्षणवर्ग केला. वर दिलेले अंश मी तेथे शिकले. अण्णांनी आयुष्यात कधी अंश मोजले नाहीत. तेथे पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन त्यावर नक्षी रेखाटावयाची, सुईने ती धातूवर उतरवायची व रंग धुऊन टाकावयाचा, ही सोपी युक्ती कळली. भिंगाखाली आपलीच रेघ पाहिली आणि लाज वाटली. या वर्गाबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु शेवटच्या दिवशी आम्हां सर्वांच्या हाती हत्यारांची एक लांबलचक यादी पडली आणि एवढे घेतल्याशिवाय काम होणार नाही असे सांगण्यात आले. मी शिष्यवृत्तीचे पैसे घालून एक तयार संच घेतला. बारा कलमे, बारा मुठी, लाकडी पेटी. त्यांतील एकालाही धार नव्हती, आणि मला तर एकाच प्रकारच्या कलमाला धार लावता येत होती. अण्णांनी पेटी उघडून पाहिली, झाकली, आणि काही बोलले नाहीत. त्यांतली नऊ कलमे आजही कोरी आहेत.

त्यानंतर मी एक शिस्त घातली. हातातले हत्यार जे काम करू शकत नाही ते काम समोर आल्याशिवाय नवे हत्यार घ्यावयाचे नाही. या हिशेबाने पाहता सुरुवातीला एक चौरस कलम, एक बारीक निसणा, वाळूची उशी, एक साधे भिंग आणि तेलाची कुपी एवढे पुरते. उशी मी घरीच शिवली. जुन्या चामडी पिशवीत तापीची चाळलेली वाळू. दुसरे कलम आठ महिन्यांनी आले, तेही विकत नव्हे. लेथवरचे तुटके हत्यार मिळाले, तेच घासून केले. ते पोलाद घासताना तापले तरी मऊ पडत नाही. जुन्या कानशीचे कलम करणारांनी मात्र जपावे. घासताना ती निळी पडली की तिचा कठीणपणा गेला, म्हणून घडोघडी पाण्यात बुडवीत राहिले पाहिजे. तिसरे, सपाट टोकाचे, सुरतेला नातेवाइकांकडे गेले असता घेतले, कारण रुंद अक्षरांच्या पोटातला धातू काढावयाचे काम तेव्हा अंगावर आले होते. हवेच्या दाबावर चालणारे यंत्रही निघाले आहे. त्यात हाताला रेटावे लागत नाही. मी ते चालवून पाहिले. चांगले आहे. पण कंप्रेसरसकट त्याची किंमत ऐकल्यावर मी दुसऱ्या यंत्राकडे पाहू लागले.

आता तो प्रसंग. गेल्या वर्षी तापीकाठच्या एका गावचे वृद्ध शेतकरी तांब्याची घागर घेऊन आले. पत्नीच्या स्मरणार्थ ती देवळात द्यावयाची होती. मजकूर त्यांनी नातवाकडून लिहून आणला होता: वरच्या ओळीत पत्नीचे नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, त्याखाली त्यांचे स्वतःचे नाव आणि ‘यांजकडून’. हाताने, कलमाने घालावे असा त्यांचा आग्रह. अण्णांच्या डोळ्याचे तेव्हा नुकतेच ऑपरेशन झाले होते. काम माझ्याकडे आले. मी दोन संध्याकाळी बसून ते पुरे केले. उभे दंड आधी, मग वळणे, शेवटी शिरोरेषा, सारे शिकविल्याप्रमाणे. रेघा एकसारख्या आल्या होत्या व मी खूश होते. घागर न्यायला ते आले, चष्मा लावला, बोट फिरवीत वाचू लागले आणि शेवटच्या ओळीशी थांबले. वरच्या नावामागे ‘कै.’ होते, हात त्या लयीत चालला असताना मी खालच्याही नावामागे ‘कै.’ कोरले होते. समोर उभ्या असलेल्या माणसाला मी कैलासवासी केले होते.

दुकानात कोणी बोलेना. म्हातारबाबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “आजून येळ शे, पोरी.”

अण्णांनी नवी घागर देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. हीच दुरुस्त करा म्हणाले. ती दुरुस्ती अण्णांनी माझ्याकडून करवली. कोरलेले पुसता येत नाही. आजूबाजूचा धातू त्या खोलीपर्यंत खाली आणावा लागतो. तीन धारांच्या खरवडणीने तेवढी जागा सभोवार खरवडत न्यायची, उतार अगदी मंद ठेवायचा, मग घोटणीने तेल लावून घोटायची, की प्रकाशात खळगा दिसू नये. पत्रा आधीच पातळ. फार खरवडला तर भोक पडण्याची भीती. आतून ऐरणीच्या लांब दांड्याचा आधार देऊन अण्णांनी तेवढी जागा दोन-चार हलक्या टोल्यांनी वर घेतली, मी पुन्हा घोटली. एका अक्षराला आणि एका टिंबाला चार दिवस लागले. त्या जागी ‘श्री.’ कोरताना माझा अंगठा पत्र्यावर इतका घट्ट दाबला गेला होता की नख दुखत राहिले. घागर देवळात गेली. डोळ्यांना काही दिसत नाही. बोट फिरवले तर ‘श्री’पाशी किंचित खोलगट लागते.

तेव्हापासून मजकूर कोरण्यापूर्वी मी तो शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक शब्द उलटा वाचते. अर्थ लागत नसल्यामुळे डोळा लयीत वाहून जात नाही. परीक्षेचे निबंध तपासतानाही ही रीत उपयोगी पडते, असे मराठीच्या सरांनी ऐकून सांगितले.

इतिहास विभागातील दोघी आता माझ्याबरोबर येतात. आणखी कोणाला यावयाचे असल्यास पहिले पाच आठवडे पेन्सिल आणि चौकटीची वही एवढेच लागेल. कृपया पेटी विकत आणू नये. माझ्या संचातली नऊ कोरी कलमे सर्वांना वापरावयास खुली आहेत, मात्र धार ज्याची त्याने लावावयाची आहे.

अण्णा आता बारीक काम घेत नाहीत. गेल्या पाडव्याला त्यांनी आपली तीन कलमे मला दिली. त्यांतील एक त्यांच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या घागरीवरचा ‘ळ’ ज्याने कोरला गेला असेल ते. मुठी झिजून त्यांच्या तळहाताच्या आकाराच्या झाल्या आहेत. माझ्या हाताला ती तिन्ही लांब पडतात. कापून आखूड केल्याशिवाय ती मला चालवता येणार नाहीत, आणि कापण्यासाठी अण्णाच रोज आठवण करतात. मी अजून कापलेली नाहीत.